परतीची पेटी

नाजूक वस्तू लांबच्या गावी पाठवायची म्हणजे दोन वेगळे प्रश्न सोडवावे लागतात. ती वाटेत फुटू नये यासाठी काय करावे हा पहिला, आणि ज्या पेटीतून ती गेली त्या पेटीचे माल उतरल्यावर काय करावे हा दुसरा. पहिल्या प्रश्नाच्या अभ्यासातून अभियांत्रिकीची एक स्वतंत्र शाखाच उभी राहिली आहे. दुसरा मात्र बहुतेक वेळा भंगारवाल्यावर सोपवला जातो. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न एकाच धाग्यात ओवलेले आहेत, कारण पेटी पुन्हा पुन्हा वापरायची असेल तर तिने मूळ जागी परत यायला हवे, आणि तिच्यातल्या गादीनेही प्रत्येक धक्क्यानंतर मूळ आकाराला परत यायला हवे. या परतीची पक्की व्यवस्था शंभर वर्षांपूर्वी सरकारी खर्चाने लावून देणाऱ्यांत बडोदे संस्थानाची गणना करावी लागते.

संस्थानाचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात आणि 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि त्यातूनच नवी अडचण उभी राहिली: शाळेत वाचायला शिकलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तकच पडले नाही, तर शिकलेली अक्षरे काही वर्षांत विसरली जातात. यावर उपाय म्हणून 1910 मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण करण्यात आले, आणि त्याने उभारलेल्या ग्रंथालय खात्याने फिरती ग्रंथालये सुरू केली. ही कल्पना न्यूयॉर्क राज्यात मेलविल ड्यूई यांनी 1893 मध्ये अमलात आणलेली होती. फिरते ग्रंथालय म्हणजे आजच्यासारखी मोटार नव्हे, तर साधारण 15 ते 30 पुस्तके मावतील अशी मजबूत लाकडी पेटी. ती गावी जाई, वाचून झाली की परत येई आणि नवी पुस्तके भरून दुसऱ्या गावाला निघे. बोर्डन यांच्यानंतर हे खाते सांभाळणारे जनार्दन सखाराम कुडाळकर मराठी होते, आणि खात्याच्या छायेत 1912 पासून निघालेल्या 'लायब्ररी मिसेलनी' या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे.

या पेटीचे महत्त्व तिच्या लाकडात नसून तिच्याभोवतीच्या व्यवस्थेत होते. बडोदे संस्थान सलग नव्हते. कडी, नवसारी, अमरेली, ओखामंडळ असे त्याचे तुकडे गुजरात-काठेवाडात विखुरलेले होते आणि मधून परमुलूख लागत असे. अशा प्रदेशात पेटी फिरती ठेवायची तर तिचा मालक एक असावा लागतो, तिचे माप ठरलेले असावे लागते, गावात ती कोणाच्या ताब्यात आहे हे माहीत असावे लागते आणि परतीचे भाडे कोणी द्यायचे हा वाद मुळातच मिटलेला असावा लागतो. बडोद्यात जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही भाडे संस्थान भरत असे. आज घरोघरी पार्सले पोचवणाऱ्या व्यापारात टिकाऊ खोकी रुजत नाहीत त्याचे कारण खोक्यांच्या दर्जात शोधले जाते, पण ते बहुधा या शेवटच्या कलमात सापडेल.

पुस्तके तशी दणकट असतात. खाली पडली तर फार तर कोपरा मुडपतो. पण याच खात्याची दृश्य-शिक्षण शाखा होती, आणि तिच्याकडे चित्रपटाच्या फिल्मांबरोबर जादूच्या कंदिलाच्या, म्हणजे मॅजिक लँटर्नच्या, काचा असत. ही काच ब्रिटिश मापाने सव्वातीन इंच लांबीरुंदीची चौकोनी असे. एका पातळ काचेवर चित्र, त्यावर संरक्षणासाठी दुसरी तेवढीच काच, आणि दोन्हींच्या कडा काळ्या कागदी पट्टीने बांधलेल्या. अशा काचा नेण्याची त्या काळची सार्वत्रिक रीत म्हणजे आतल्या दोन बाजूंना खाचा पाडलेली लाकडी पेटी: प्रत्येक काच आपल्या खाचेत उभी राही, शेजारच्या काचेला टेकत नसे, आणि झाकणाच्या आत लावलेली लोकरी पट्टी तिला वरून अलगद दाबून धरी. काच आडवी रचली तर वरच्यांचा सगळा भार आणि धक्का तळच्या काचेला वाकवतो. उभी ठेवली तर तोच धक्का तिच्या कडेतून, तिच्या उंचीच्या दिशेने जातो आणि त्या दिशेने ती सहजी वाकत नाही. खिडकीच्या मोठ्या काचा टेम्पोत लाकडी घोड्याला टेकवून उभ्या नेल्या जातात त्या याच कारणाने.

उशी किंवा गादी नेमके काय करते याविषयी एक सार्वत्रिक गैरसमज असा आहे की ती धक्का 'शोषून' घेते म्हणून मऊ असली की पुरे. खरे काम मऊपणाचे नसून अंतराचे आहे. हमालाच्या कमरेच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे 75 सेंटिमीटरवरून, खोके सुटले तर आतल्या वस्तूला तेवढ्या उंचीत मिळालेला वेग कुठेतरी सोडून द्यावा लागतो. फरशीवर ती अर्ध्या मिलिमीटरमध्ये थांबली, तर थांबताना तिच्यावर सरासरीने स्वतःच्या वजनाच्या सुमारे 1,500 पट जोर येतो. पाच सेंटिमीटरमध्ये थांबली तर तोच जोर 15 पटीवर येतो. वजनाच्या या पटीला अभियंते 'जी' म्हणतात आणि प्रत्येक वस्तू किती जी सोसू शकते यावरून तिचा नाजूकपणा मोजतात. प्रत्यक्षात पाच सेंटिमीटरचा फोम पाचही सेंटिमीटर दबत नाही, त्यामुळे आकडा यापेक्षा बराच वर जातो, पण हिशेबाची दिशा तीच राहते. म्हणूनच हलक्या वस्तूखाली कडक फोम घातला तर तो दबतच नाही आणि जड वस्तूखाली मऊ घातला तर ती थेट तळाला टेकते. दोन्ही वेळी पैसे खर्च होऊनही माल फुटतो.

पडण्याखेरीज दुसरा शत्रू म्हणजे सततची थरथर. भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा पहिल्या दिवशी उत्तम गादी देतो, पण ट्रकच्या हादऱ्यांनी तो खाली बसत जातो, वरच्या बाजूला पोकळी पडते आणि वस्तू त्या पोकळीत हिंदकळू लागते. कोकणातून येणाऱ्या हापूसच्या पेटीत पेंढा चालतो, कारण आंबे खच्चून भरलेले असतात आणि प्रवास थोडा असतो. ती पेटी मात्र परतत नाही, माळ्यावर अडगळ भरायला किंवा बंबात जाते. 1871 मध्ये अल्बर्ट जोन्स या न्यूयॉर्कच्या गृहस्थाने बाटल्या आणि कंदिलाच्या चिमण्या गुंडाळण्यासाठी लाटदार कागदाचे पेटंट घेतले, त्याला पुढे सपाट कागदाचे अस्तर जोडले गेले आणि आजचा करुगेटेड पुठ्ठा आला. बबल शीट 1957 मध्ये भिंतीवर लावायचा कागद म्हणून जन्मली, आणि ते जमले नाही तेव्हा संगणक गुंडाळण्याच्या कामी आली.

थर्माकोलची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या बारीक हवाबंद पेशी जबर धक्क्याने चिरडल्या जातात, आणि त्या चिरडण्यातच धक्क्याची ऊर्जा खर्ची पडते. म्हणून एका धडकेपुरता तो फार चांगला, पण दुसऱ्या वेळी त्याच जागी गादी उरत नाही. पॉलिएथिलिनचा किंवा पॉलिप्रॉपिलिनचा फोम दबतो आणि बराचसा पुन्हा फुगतो. पुन्हा वापरायच्या पेटीत थर्माकोल बसवणे म्हणजे दर खेपेला टायर बदलावा लागेल अशी गाडी घेणे होय.

वस्तू वेळेवर निघालीच नाही तर उत्तम बांधणीचाही उपयोग नसतो, हे बडोद्याच्या चित्रसंग्रहालयाने पाहिलेले आहे. इमारत 1908 मध्ये सुरू होऊन 1914 मध्ये पूर्ण झाली, पण तिच्यासाठी युरोपात जमवलेली चित्रे पहिल्या महायुद्धामुळे तिकडेच अडकली आणि दालन 1921 मध्ये उघडले. तैलचित्राला धक्क्याइतकेच हवेतल्या दमटपणाचे भय असते, कारण कापड आणि त्यावरचा रंगथर सारख्या प्रमाणात आकसत नाहीत व रंगाला तडे जातात. त्यामुळे आजच्या कलावाहतुकीच्या पेट्यांत फोमबरोबर हवा अडवणारे अस्तरही असते.

सध्याच्या वडोदऱ्यात परतणारी पेटी पाहायची तर पहाटे दुधाच्या गाडीपाशी उभे राहावे. पिशव्यांनी भरलेले प्लास्टिकचे कॅरेट उतरते आणि कालचे रिकामे कॅरेट त्याच गाडीत चढते. गाडीला रिकामे परतायचेच असते, म्हणून परतीचे भाडे जवळजवळ शून्य पडते. जिथे गाडी दुसऱ्या गावाला निघून जाते तिथे रिकाम्या कॅरेटने हवाच वाहिली जाते, आणि म्हणून दुमडणारी किंवा एकात एक बसणारी खोकी लागतात. निर्यातीच्या लाकडी पेटीला याशिवाय किडीचा नियम आहे: लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सियसवर 30 मिनिटे तापवून किंवा अन्य मान्य पद्धतीने कीडमुक्त करून तसा शिक्का मारल्याशिवाय बहुतेक देश ती बंदरातून आत घेत नाहीत.

शहराभोवती रोहित्रांचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे, कारखाने बरेच आहेत. मोठे रोहित्र तेल काढून, आत कोरडा नायट्रोजन किंवा कोरडी हवा किंचित दाबाने भरून, ट्रेलरवर निघते. शंभर टनांच्या यंत्राला फोमात गुंडाळता येत नाही, म्हणून त्याच्या टाकीवर धक्कामापक बसवतात. तो तिन्ही दिशांचे धक्के वेळेसह नोंदवत राहतो. मुक्कामी पोचल्यावर रोहित्र जोत्यावर उतरवण्याआधी ती नोंद वाचली जाते, कारण धक्का ठरल्या मर्यादेपेक्षा मोठा निघाला तर आतली गुंडाळी सरकली आहे का हे तपासावे लागते आणि दोष वाहतूकदाराचा की कारखान्याचा हेही तिथेच ठरते. मग धक्कामापक काढून छोट्या खोक्यात बांधला जातो आणि पुढच्या रोहित्रासाठी कारखान्याकडे परत पाठवला जातो.