निझाम सर्किट, निगेटिव्ह आणि व्हिडिओचे हक्क

कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवीन जालना अशी वस्ती असलेले मराठवाड्यातील हे शहर १९५६ साली हैदराबाद राज्यातून बाहेर पडले, तरी चित्रपट-वितरणाच्या व्यवहारात मराठवाडा ‘निझाम सर्किट’मध्येच राहिला. सर्किट म्हणजे वितरकाला विकला जाणारा प्रदेश. निर्माता त्या प्रदेशातील प्रदर्शनाचा हक्क ठरावीक वर्षांसाठी देतो आणि फिल्मच्या काळात निगेटिव्ह, म्हणजे प्रती जिच्यावरून निघत ती मूळ फिल्म, आपल्या नावावर प्रयोगशाळेत ठेवत असे. व्हिडिओ कॅसेटला मात्र अशा हद्दी पाळायला लावणे अवघड होते, त्यामुळे घरी पाहण्याच्या प्रतींचा हक्क माध्यमाच्या नावाने स्वतंत्रपणे विकला जाऊ लागला.

मुंबईच्या शेमारू या कंपनीची सुरुवात १९६२ साली पुस्तकांच्या वाचनालयापासून झाली, १९७९ साली तिने कॅसेटी भाड्याने देण्यास आरंभ केला आणि १९८७ साली ती व्हिडिओ-वितरणात उतरली. कोणता जुना चित्रपट लोक पुन्हा पुन्हा मागतात हे भाड्याच्या वहीतून जितके कळते तितके तिकीटबारीवरून कळत नाही, हे या क्रमावरून सहज सुचते.

चित्रपटसंग्रह, व्यवसायाच्या भाषेत ‘लायब्ररी’, घेताना खरा वेळ फिल्मच्या डब्यांपेक्षा कागदपत्रांत जातो. निर्माता हयात नसतो, वारस विखुरलेले असतात, एखाद्या सावकाराकडे निगेटिव्ह गहाण पडलेली असते. म्हणून ग्राहकाचा वकील वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन ठरावीक दिवसांत हरकती मागवतो आणि त्या न आल्यास करार होतो. त्यानंतर विक्रेता प्रयोगशाळेच्या नावे ‘लॅब लेटर’, म्हणजे नव्या मालकाला निगेटिव्हवरून प्रती काढू देण्याचे पत्र, देतो. हे पत्र नसेल तर हक्क कागदावरच राहतो. हक्क कायमचा घेतला की मुदतीचा, यावर किंमत ठरते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ येथे निर्णायक ठरते, कारण करार लेखीच हवा, त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, करारात स्पष्ट उल्लेख नसल्यास, करारावेळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचा हक्क हस्तांतरित होत नाही.

असे हक्क घाऊक प्रमाणात घेऊन मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. चोरट्या प्रतींशी तिने केलेली ही स्पर्धा किमतीपुरती धाडसीच होती.

कायमचा म्हणून घेतलेला हक्कही कायम टिकत नाही, कारण चित्रपटाला प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षेच संरक्षण मिळते. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चाललेल्या ‘सांगत्ये ऐका’ या १९५९ च्या चित्रपटाची मुदत या हिशेबाने २०१९ अखेर संपली; मात्र त्यातील गीतांचे लेखक ग. दि. माडगूळकर १९७७ साली निवर्तले असल्याने त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ अखेरपर्यंत चालू राहतो.