केळ, केळ!

बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत मी गॅरेजवर कामाला लागलो, तेव्हा मला कन्नडचा गंध नव्हता. उस्ताद मला चालू इंजिनाजवळ उभे करून "केळ, केळ" म्हणायचे आणि मी केळे कुठे आहे म्हणून इकडेतिकडे बघायचो. सगळे गॅरेज हसायचे. कन्नडमध्ये ऐकणे आणि विचारणे या दोन्हींना हाच शब्द आहे, हे मला पुढे कळले. त्यातच सगळी मेस्त्रीगिरी आली, हे कळायला आणखी काही वर्षे गेली.

एका ऊस हंगामात दाजींचा जुना सहा सिलिंडरचा ट्रक मिस मारू लागला. चढावर दम नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर. एका गॅरेजने पूर्ण इंजिन खोलण्याचा सल्ला दिला. हप्ते थकलेले, त्यात हा खर्च. ताईने पाटल्या काढून ठेवल्या होत्या. मी म्हणालो, "दाजी, दोन दिवस थांबा. गाडी इकडे आणा."

शेतातले एका सिलिंडरचे इंजिन बिघडले की बंदच पडते. सहाचे मात्र पाचांवर लंगडत चालते, म्हणून चोर सापडत नाही. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला सहाशे फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पाच वेळा पेटतो. ठराविक ताल धरून ठोका चुकत असेल, तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली किंवा फिल्टर तुंबला, तर सगळेच इंजिन आचके देते. इथे ताल ठराविक होता. धुराला कच्च्या डिझेलचा वास होता, म्हणजे डिझेल येत होते, पण जळत नव्हते. हे झाले ऐकणे.

मग विचारणे. इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाइपचा नट एकेक करून ढिला केला. पहिला ढिला केला, इंजिन आणखी लंगडले. म्हणजे तो काम करतोय. नट घट्ट करून पुढचा. चौथ्याला काहीच फरक पडला नाही. चोर सापडला.

पण चौथा का जळत नाही? नोझल खराब, की सिलिंडर? नवे नोझल आणण्याआधी तिसऱ्याचे नोझल चौथ्याला आणि चौथ्याचे तिसऱ्याला लावले. दोष नोझलबरोबर तिसऱ्याकडे गेला असता, तर नोझल दोषी. दोष चौथ्यातच राहिला. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते, तिच्यावर डिझेल पेटते. दाबच बसत नसेल तर पेटणार कसे?

वरचे झाकण काढून टॅपेट तपासले. चौथ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फटच उरली नव्हती. सीट झिजत जाते, तसा व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट संपते. मग तो पूर्ण मिटत नाही. थंड इंजिनावर फिलर गेजने सगळे टॅपेट लावले. व्हॉल्व्ह जळण्याआधी लक्षात आले, हे नशीब. इंजिन सुरू केले आणि ठोका जुळला. ताईने पाटल्या पुन्हा हातात घातल्या.

ट्रक असलेल्या घरांना मात्र एक कळकळीची सूचना. नट ढिला करण्याची ही रीत फक्त जुन्या पंपाच्या गाड्यांसाठी, तीही डोळ्यांना चष्मा लावून आणि नटावर फडके धरून. नव्या कॉमन रेल गाड्यांत पाइपला हात लावू नका. ट्रकच्या टायरमध्ये आठेक बार हवा असते. त्या पाइपात डिझेलचा दाब सोळाशे बार किंवा त्याहूनही जास्त असतो. बारीक धारही कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. उशिराने बोट, हातही जातो. तिथे स्कॅनर लावून एकेक सिलिंडर बंद करून बघतात. विचारणे तेच, फक्त साधन बदलले.

आता माझ्या हाताखाली दोन पोरे आहेत, एक मराठी, एक कन्नड. पाना उचलण्याआधी मी दोघांनाही एकच सांगतो, "केळ." मराठी पोरगा अजून हसतो.