मुळशीचा मे आणि परदेशी विद्यार्थी
पुण्याजवळ मुळशी तालुक्यात, पौडजवळच्या डोंगरावर १९९७ साली महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं. देशोदेशींची मुलं इथं ऑगस्टच्या पावसात येतात, आणि इथल्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा असते नेमकी मे महिन्याच्या काहिलीत. मूळचे अमेरिकन, पण पुणेकरच झालेले वास्तुविशारद ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी इथं काळ्या दगडाच्या भिंती उभारल्या. जाड दगडातून धग उशिरा आत येते. पण भिंतींबाहेर पडताना थंड देशातून आलेल्यांनी एक जरूर ध्यानात ठेवावं: कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे अंगातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही. शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग दिसले, की मीठ घातलेलं ताक प्यावं. माठातलं पाणी गार होतं तेही याच कोरड्या हवेमुळे.