मोटारीची ठिणगी : स्पार्क प्लगाची निवड व बदल

पावसाळ्यांत सर्दावलेली आगपेटी हातीं आली म्हणजे सरपण कितीही उत्तम असलें तरी चूल पेटत नाहीं. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाची गोष्ट याहून निराळी नाहीं. सिलिंडरांत दाबलेलें हवा व पेट्रोल यांचें मिश्रण नेमक्या क्षणीं पेटविण्याचें काम ज्या लहानशा वस्तूकडे असतें, ती म्हणजे स्पार्क प्लग. १९०२ सालीं जर्मनींत बॉश यांच्या कारखान्यांत गोटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याजोगा प्लग सिद्ध केला. तेव्हांपासून त्याची मूळ रचना फारशी पालटलेली नाहीं. मध्यें धातूचा दांडा, त्याभोंवतीं चिनी मातीसारखें कवच, बाहेर आटे पाडलेलें पोलादी अंग आणि त्यालाच जोडलेलें वांकडें टोक. दांडा व टोक यांमधील फटींत ठिणगी उडते. मिनिटास २,००० फेरे घेणाऱ्या चार टप्प्यांच्या इंजिनांत प्रत्येक प्लगास मिनिटाला १,००० वेळां हें काम करावें लागतें.

प्लग निवडतांना आटे व लांबी जुळणें पुरेसें नाहीं. त्याचा ताप जुळला पाहिजे. प्लगाचें टोक सुमारें ५०० अंश सेंटिग्रेडहून थंड राहिलें तर त्यावर काजळी सांचते. फारच तापलें तर ठिणगीपूर्वींच मिश्रण पेटून दट्ट्याची हानि होते. म्हणून उष्णता धरून ठेवणारे 'उष्ण' व ती लवकर सोडणारे 'थंड' असे प्लगांचे प्रकार असतात. येथें एक फसगत संभवते. कांहीं कारखान्यांच्या खुणेंत मोठा आंकडा थंड प्लगाचा, तर कांहींच्या खुणेंत तोच उष्ण प्लगाचा असतो. यास्तव इंजिनाच्या पुस्तिकेंत सांगितलेलाच प्लग घ्यावा.

बदल करतांना उतावळेपणा किती महाग पडतो, याचें उदाहरण अमेरिकेंतील फोर्ड एफ-१५० या पिकअप ट्रकाचें आहे. २००४ पासून कांहीं वर्षें त्याच्या ५.४ लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनांत दोन भाग जोडून केलेले प्लग होते. त्यांच्या खालच्या लांब नळीभोंवतीं काजळी घट्ट बसे. सुमारें १,६०,००० किलोमीटरांनंतर प्लग काढूं गेल्यास वरचा भाग हातीं येई व नळी आंत अडकून राही. ती काढण्यास खास हत्यार लागे.

यावर उपाय सांगितला गेला तो धीराचा. इंजिन पूर्ण निवूं द्यावें. प्लग फक्त अष्टमांश ते पाव फेरा सैल करावा, भोंवतालच्या खळग्यांत कार्ब्युरेटर साफ करण्याचें द्रव्य सोडावें व निदान १५ मिनिटें थांबावें. मग पान्हा मागेंपुढें फिरवीत तो हळूहळू बाहेर घ्यावा. पान्हा अडला तर जोर न करतां पुन्हां द्रव्य सोडावें.

निघालेला जुना प्लगही बोलका असतो. फिकट तपकिरी रंग इंजिनाच्या आरोग्याची खूण. कोरडी काळी काजळी पेट्रोल अधिक जळत असल्याची, ओलसर तेलकटपणा तेल आंत झिरपत असल्याची, आणि पांढरा, फोड आलेला चेहरा अति उष्णतेची. नवा प्लग बसवितांना फट मोजून पाहावी, नळीवर निकेलयुक्त वंगणाचा पातळ हात द्यावा, पण तें टोकास लागूं देऊं नये. आटे प्रथम बोटांनींच धरवावे, आणि शेवटीं मोजमापी पान्ह्यानें ३४ न्यूटन-मीटर इतकेंच आंवळावें.

पंधरा मिनिटांचा धीर धरला नाहीं, तर दुरुस्तीचे दिवस मोजावे लागतात.