घरातली वीज : लेखांक 6 – पाचशे युनिटांची रेघ

मागच्या लेखांकात महावितरणचं बिल पाहिलं. आज चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये जाऊ. तिथल्या सौकारपेठेत, मिंट स्ट्रीटच्या आसपास, सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यामुळे खानापूर-आटपाडीकडची मराठी कुटुंबं राहतात. गावाकडच्या बिलाची सवय असलेला माणूस इथलं ‘ईबी’चं, म्हणजे वीज मंडळाचं, बिल पाहून चक्रावतो, आणि त्याला कारण आहे.

गावाकडे बिल महिन्याचं. टप्पा ओलांडला तर वाढीव दर फक्त पुढच्या युनिटांना लागतो. तमिळनाडूत रीडिंग दोन महिन्यांनी होतं आणि 2016 पासून पहिली 100 युनिटं प्रत्येक घराला फुकट आहेत. मात्र 500 ची रेघ ओलांडली की मागच्या युनिटांचाही दर बदलतो. सप्टेंबर 2022 चं दरपत्रक घ्या. 101 ते 200 ला सव्वादोन रुपये, 400 पर्यंत साडेचार, 500 पर्यंत सहा. बरोबर 500 युनिटं जाळली तर बिल 1,725 रुपये. 501 झाली की सव्वादोनची सवलत गेली, त्या शंभर युनिटांनाही साडेचार रुपये, आणि वरच्या एका युनिटाला आठ. बिल 1,958. एका युनिटापायी 233 रुपये! दर पुढे वाढले, पण रेघ तिथेच आहे.

साठ दिवसांत 500 म्हणजे रोज साधारण सव्वाआठ युनिटं. एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडं असतील तर एवढी युनिटं पुरणं कठीण. घर भाड्याने घेताना स्वतंत्र मीटरचं आधी विचारा, पाण्याचं मग.

बिल वाढलं की सगळे एसीकडे बोट दाखवतात. पण या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत, समुद्राच्या दमट हवेत, पंखा जवळजवळ थांबतच नाही. जुना पंखा 75 वॉटचा. रोज वीस तास धरले तर दोन महिन्यांत 90 युनिटं. दोन पंख्यांची 180. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा, पंखा पूर्ण वेगात 30 वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे दोन्ही मिळून 72. वाऱ्यात काही कमी न होता 108 युनिटं वाचली. मे महिन्यातल्या ‘अग्नी नक्षत्रम’च्या, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या, दिवसांत म्हाताऱ्या माणसाचा पंखा बंद करून वीज वाचवणं मला मुळीच मान्य नाही, पंखाच बदलावा.

आता जिन्याखालच्या मीटरपाशी चला. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 3200 असा काहीतरी आकडा छापलेला असतो. दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. घड्याळ लावून मिनिटभर मोजा. 16 वेळा लुकलुकला तर तासाला 960, म्हणजे त्या घडीला घरात 300 वॉट चालू आहेत. मग वर कुणाला तरी हाक मारून एकेक वस्तू बंद करायला सांगा आणि पुन्हा मोजा. टीव्ही रिमोटने बंद केल्यावरही चालू राहणारा सेट-टॉप बॉक्स असाच सापडतो. तो 10 वॉटचा असला तरी दोन महिन्यांत 14 युनिटं खातो.

रीडिंग झालं त्या दिवशी मीटरचा आकडा कालनिर्णयवर लिहून ठेवा आणि दर रविवारी वजाबाकी करा. तिसाव्या दिवशी फरक 250 च्या वर गेला असेल, तर सावरायला अजून महिना हातात आहे.

पुढच्या आठवड्यात : फ्रिज.