*चावी कुणाच्या हातात? आपल्या खरेदी ॲपचे लॉगिन आणि अधिकार*



गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाने केंद्रावर सोयाबीन घातलं. १८ क्विंटल ४० किलो. हातातल्या काटा पावतीवर ओलावा ११ टक्के, संगणकात मात्र १४. आपल्याकडे १२ च्या वर दर टक्क्याला एक टक्का वजन कापतात. म्हणजे जवळपास ३७ किलो माल उगाच कापला गेला.

पावती जपून ठेवली होती म्हणून पैसे पूर्ण मिळाले. पण आकडा चुकला की कुणी बदलला, हे आजवर कळलं नाही. कारण केंद्रावर सगळेच एका 'ॲडमिन' लॉगिनने काम करायचे आणि पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता. संशय गेला काट्यावरच्या पोरावर. ना त्याची चूक सिद्ध करता आली, ना त्याला निर्दोष म्हणता आलं. शेवटी तो काम सोडून गेला. यात दोष कंपनीचा होता, हे मान्य करूनच पुढचं सांगतो.

आपलं ॲप ईआरपीनेक्स्टवर चालतं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आपण स्वतःच्या सर्व्हरवर बसवलंय. माहिती आपल्या ताब्यात, तशी राखणही आपलीच. विहीर आपली, तर कठडाही आपणच बांधायचा.

*या हंगामापासून काय बदललं?*

✅ *एका माणसाला एकच लॉगिन.* आता प्रत्येक नोंदीला नाव, तारीख आणि वेळ लागते. सातबाऱ्यावर फेरफार दिसतो ना, तसंच. कुणी काय बदललं ते नंतरही पाहता येतं.

✅ *कामापुरताच अधिकार.* काट्यावरचा माणूस फक्त आपल्याच गोदामाची नोंद टाकू शकतो. नोंद 'सबमिट' झाली की त्याला ती बदलता येत नाही. चूक झालीच तर केंद्रप्रमुख ती रद्द करतात आणि दुरुस्त नोंद नव्याने होते. तिच्या नंबरापुढे -१ लागतो, आणि जुनी रद्द नोंदही जागेवर दिसत राहते. खाडाखोड नाही.

✅ *बँक खात्याला वेगळं कुलूप.* तुमचा खाते क्रमांक काट्यावरून कुणालाच बदलता येत नाही. तो फक्त हिशेबनीस बदलतात, तेही तुमची सही आणि पासबुकाची प्रत पाहून.

✅ *मुख्य ॲडमिन रोजच्या कामाला नाही.* त्याचा पासवर्ड बंद पाकिटात, कंपनीच्या तिजोरीत. पाकीट फोडलं तर संचालकांच्या वहीत नोंद.

✅ *काम सोडलं, त्याच दिवशी लॉगिन बंद.* खातं पुसत नाही, फक्त बंद करतो. पुसलं तर त्याच्या जुन्या नोंदी कुणाच्या, ते कसं कळणार?

*आता तुमचं काम*

👉 तुमच्या लॉगिनने तुम्हाला फक्त तुमचीच खरेदी आणि बिलं दिसतील. दुसऱ्या कुणाची दिसली तर लगेच कळवा, आमच्याकडे अधिकार चुकलेत असं समजा.

👉 माल घातल्यावर काट्यावरून हलायच्या आधी पावती आणि मोबाईलवरचं वजन, ओलावा ताडून पाहा. फरक असेल तर तिथेच सांगा. पावती पैसे जमा होईपर्यंत फेकू नका.

👉 पासवर्ड पोराला, शेजाऱ्याला, अगदी आमच्या माणसालाही सांगू नका. ओटीपी आम्ही फोनवर कधीच विचारत नाही. "हे नवीन ॲप टाका" म्हणून व्हॉट्सॲपवर फाईल आली तर उघडू नका.

👉 मोबाईल नंबर बदलला, फोन हरवला, तर केंद्रावर स्वतः येऊन सांगा.

कुणाला वाटेल, एवढ्या कुलपांनी काम हळू होईल. पहिले आठ दिवस होईल थोडं. पण माल तुमचा, घाम तुमचा. त्याचा आकडा कुणी लिहिला ते तुम्हाला कळलंच पाहिजे. आणि काट्यावर प्रामाणिकपणे उभ्या असलेल्या पोरालाही ते हवंच आहे.

अडचण आली तर केंद्रावर या, लॉगिन समोर बसून करून देऊ. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना हा निरोप वाचून दाखवा 🌱