सातपूरचा पिनकोड आणि कापरेकर सर

सातपूरकरांनो, कागद-पेन घ्या! आपला पिनकोड ४२२००७. अंक उतरत्या क्रमाने लावले की ७४२२००, चढत्या क्रमाने ००२२४७. वजाबाकी ७३९९५३. त्याचंही तसंच करा: ६६१७३४. आणखी एकदा: ६३१७६४. आता कितीही वेळा करा, उत्तर ६३१७६४च!

ही रीत आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर सरांची. चार अंकी संख्यांसाठीचा ६१७४ त्यांनी १९४९ मध्ये शोधला. सहा अंकी बहुतेक संख्या मात्र सात संख्यांच्या चक्रात फिरत राहतात, फार थोड्या अशा एका जागी थांबतात. म्हणून तर आपल्या पिनकोडचं मला इतकं अप्रूप!

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला सरांनी ‘हर्षद’ म्हटलं. तो मान शेजारच्या अंबडचा: ४२२०१०, बेरीज ९, भागाकार ४६८९०.